एहिम्सवर शून्य नोंदी आल्या, आता पुढे काय? नव्या वसाहतीच्या जागेवरचा ॲबोरिजिनल वारसा तपासताना

प्रश्न थोडक्यात असा होता: सिडनीच्या वायव्येला सुमारे साठ हेक्टरची जुनी शेतजमीन निवासी झोनमध्ये आणायची आहे. प्रश्न विचारणारी व्यक्ती नियोजन-सल्लागारांकडे नव्याने रुजू झाली आहे. एहिम्सवर, म्हणजे राज्याच्या ॲबोरिजिनल (ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांच्या) वारसा-नोंदवहीत शोध घेतला, तर एकही नोंद आली नाही. जमीन वर्षानुवर्षं नांगरलेली, एका बाजूला कोंबड्यांच्या शेड्स होत्या. क्लायंटचं म्हणणं, “वारशाचा प्रश्न उद्भवत नाही असं लिहा, काही निघालंच तर डीएच्या वेळी बघू.” (डीए म्हणजे झोन बदलल्यानंतर प्रत्यक्ष कामासाठी करायचा विकास-अर्ज.) हे चालेल का, आणि ॲबोरिजिनल लोकांशी बोलायचं तर कधी आणि नेमकं कोणाशी?

सरळ उत्तर: नाही, चालणार नाही. पण ‘नाही’ एवढं ऐकून क्लायंट ऐकत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून कारणं सविस्तर देते. मी डेक्कन कॉलेजात दगडी हत्यारांवर शिकले आणि गेली बरीच वर्षं पश्चिम सिडनीत हेच काम करते. न्यू साउथ वेल्सच्या पद्धतीवरच बोलेन. मेलबर्नचं गणित वेगळं आहे, त्यावर शेवटाकडे दोन ओळी आहेत.

तुमचा प्रश्न ‘वारसा आहे की नाही’ असा मांडला गेलाय. माझ्या मते खरा प्रश्न असा आहे की तपासणी होईल तेव्हा तुमच्या आराखड्यातली रेघ हलवता येईल का? झोन बदलण्याच्या टप्प्यावर रस्ता शंभर मीटर इकडे-तिकडे करणं म्हणजे संगणकावरचं एका दुपारचं काम. डीएच्या टप्प्यावर तोच रस्ता हलवायचा तर ड्रेनेज, सांडपाण्याची मुख्य वाहिनी, शाळेचा भूखंड, विकले गेलेले प्लॉट सगळंच हलतं. मग कोणी काही हलवत नाही. उरतो एकच मार्ग: ‘एहिप’ काढायचा. कायद्याच्या भाषेत तो ॲबोरिजिनल वारशावर परिणाम करण्याचा परवाना, १९७४ च्या नॅशनल पार्क्स अँड वाइल्डलाइफ कायद्याच्या कलम ९० खालचा. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा वस्तू उकरून काढण्याचा आणि जागा संपवण्याचा परवाना असतो. “डीएच्या वेळी बघू” याचा अर्थ “तेव्हा फक्त परवाना काढू” असा होतो, आणि तो क्लायंटला याच शब्दांत सांगायला हवा.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हेही आधीच सांगते. जमिनीखाली शेल (चिखलाचा थरथरांचा खडक) आहे, वाळूचा खडक आहे की नदीने आणून टाकलेली वाळू? ओढा किती मोठा? शेड्ससाठी जमीन किती कापली, किती भरली? शेजारच्या जमिनींवर आधी काय सापडलं? प्रकल्प नेहमीच्या मार्गाने जातोय की स्टेट सिग्निफिकंट, म्हणजे राज्याच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रकल्प म्हणून? तसा असेल तर एहिप लागत नाही, पण वारशाचा अभ्यास आणि सल्लामसलत चुकत नाही. हे कळल्याशिवाय तुमच्या भूखंडाबद्दल कोणीही छातीठोक बोलू नये. मी सांगतेय ती विचार करण्याची रीत.

आधी त्या शून्याबद्दल. एहिम्समध्ये फक्त तेच असतं जे कोणीतरी शोधलं, ओळखलं आणि कळवलं. पश्चिम सिडनीचा नकाशा उघडून नोंदींचे ठिपके बघा. ते रस्त्यांच्या, गॅसवाहिन्यांच्या आणि आधी झालेल्या वसाहतींच्या कडेने दाट दिसतात आणि खासगी शेतांवर एकदम विरळ होतात. लोक पूर्वी गॅसवाहिनीच्या कडेने राहत होते असं नाही. तिथे सर्वेक्षण झालं, शेतात कोणी पाऊलच टाकलं नाही. म्हणून मी शोधाचा चौकोन भूखंडापुरता कधीच ठेवत नाही. आजूबाजूचे काही किलोमीटर घेते आणि तिथल्या नोंदी कोणत्या भूरूपावर आहेत ते बघते: ओढ्याकाठच्या सपाटीवर, उतारावर की धारेवर. शेजारी एकाच ओढ्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला नोंदी असतील आणि मध्ये तुमचा भूखंड कोरा असेल, तर तो कोरेपणा बहुधा न बघितल्याचा आहे.

राज्याच्या २०१० च्या ड्यू डिलिजन्स कोडमध्येही, म्हणजे वाजवी काळजीच्या नियमावलीतही, नोंदवही हा एकच निकष नाही. पाण्यापासून २०० मीटरच्या आत, वाळूच्या टेकड्यांवर, डोंगरधारेवर किंवा माथ्यावर, कड्याच्या वर किंवा खाली २०० मीटरच्या आत, गुहा किंवा खडकाच्या आडोशापासून २० मीटरच्या आत, अशा जागा नोंद असो वा नसो संवेदनशील धरायच्या. साठ हेक्टरच्या शेतात यातलं काहीच नाही, असं कंबरलँड प्लेनवर, म्हणजे पश्चिम सिडनीच्या या मैदानावर, क्वचितच होतं. एखादा ओढा असतोच.

आणि या भागात ओढा बघताना तो केवढा आहे हे बघावं लागतं. राउझ हिलच्या वसाहतीसाठी जी प्रचंड उत्खननं झाली, त्यातून इथल्या सगळ्यांनाच एक उपयोगी गोष्ट कळली: दगडी वस्तूंची घनता ओढ्याच्या श्रेणीप्रमाणे बदलते (सारख्या श्रेणीचे दोन ओढे मिळाले की पुढच्या ओढ्याची श्रेणी एकने वाढते). उगमाजवळच्या पहिल्या श्रेणीच्या ओहळापाशी तुरळक चिपा मिळतात. दुसऱ्या आणि विशेषतः चौथ्या श्रेणीच्या ओढ्याच्या खालच्या उतारांवर आणि काठच्या पायऱ्यांवर त्या दाट होतात. चौथ्या श्रेणीच्या ओढ्यापासून ५० ते १०० मीटरवरची पट्टी तर सर्वांत भरलेली. काठाला चिकटून नाही, थोडं वर, पूर येणार नाही अशा जागी लोक बसत होते. तुमच्या आराखड्यात ही पट्टी कुठे येते? बहुतेक आराखड्यांत ती ‘ओढ्याचं दृश्य असलेले प्लॉट’ म्हणून रंगवलेली असते. सगळ्यात महाग प्लॉट आणि सगळ्यात जास्त वारसा एकाच ठिकाणी येतात, आणि या व्यवसायातली निम्मी भांडणं त्यातूनच निघतात. वरचे उतार मात्र मोकळे धरू नका. तिथे वस्तू विरळ असतात, पण असतात.

या वस्तू दिसतात कशा? इथला मुख्य दगड सिल्क्रीट. प्लम्प्टन आणि रिव्हरस्टोनच्या बाजूला तो जमिनीवर येतो. तापवला की लालसर होतो आणि चांगला फुटतो, म्हणून मुद्दाम भाजलेल्या सिल्क्रीटचे गुलाबी-लाल कपचे जागोजाग मिळतात. त्यात पाठ बोथट केलेली बारीक पातीही असतात. खानदेशातल्या पाटण्याची सूक्ष्मास्त्रं हाताळलेल्या माणसाला ती बघून ओळखीचं काहीतरी भेटल्यासारखं वाटतं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण दगडाला धार ठेवून पाठ मोडण्याची अक्कल दोन्हीकडे आहे. नख-बोटाएवढ्या या वस्तू गवताखाली असतात. तीन-चार वर्षं पडीक राहिलेल्या शेतातून चालत जाऊन “काही दिसलं नाही” असं लिहिणाऱ्या अहवालात ‘जमीन किती टक्के दिसत होती’ हे आधी वाचा. पाच-दहा टक्के दृश्यता असेल तर त्या चालण्याला फारसा अर्थ नाही.

आता नांगरणी. कोडप्रमाणे नांगरलेली जमीन ‘डिस्टर्ब्ड’ गणली जाते आणि क्लायंटचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवील. पण ड्यू डिलिजन्स म्हणजे काय ते लक्षात घ्या: नकळत नुकसान झालं तर “मी वाजवी काळजी घेतली होती” असा बचाव करता यावा म्हणून केलेली ती तपासणी आहे. साठ हेक्टरवर शेकडो घरं ठरवण्यासाठी तिचा आधार पुरेसा नाही. मातीच्या दृष्टीनेही नांगरणीने वारसा संपत नाही. इथली माती दोन थरांची: वर वीस-तीस सेंटिमीटर भुसभुशीत दुमट माती, खाली घट्ट चिकणमाती. वस्तू वरच्या थरात असतात, मुंग्या, गांडुळं आणि मुळं त्यांना तशीही वर-खाली फिरवत असतात. नांगर त्यांना मीटर-दोन मीटर सरकवतो, भूखंडाबाहेर नेत नाही. लोक कुठे बसले, कुठे दगड घडवला हे त्यातूनही वाचता येतं. शेड्सची गोष्ट वेगळी. तिथे जमीन कापून सपाट केली असेल तर वरचा थर गेलेला असतो. जुने हवाई फोटो बघा, भू-तांत्रिक बोअरचे लॉग मागवा, कापलेलं आणि भरलेलं वेगळं काढा. भरावाखाली मूळ माती शाबूत असण्याची शक्यता असते, हे अनेकजण विसरतात.

खरं नुकसान वसाहतीच्या कामात होतं. हल्ली उतारावरचा प्रत्येक प्लॉट सपाट करून देतात. त्यासाठी संपूर्ण जागेवरची वरची माती एकदम खरवडून ढीग लावतात, मग कापणी-भरणी, मग रिटेनिंग भिंती. म्हणजे ज्या वीस-तीस सेंटिमीटरमध्ये सगळा वारसा आहे, तोच थर पहिल्या आठवड्यात उचलला जातो. शतकभर नांगर फिरूनही जे टिकलं, ते स्क्रेपरपुढे टिकत नाही.

नदीकाठची वाळू असेल तर आणखी जपा. हॉक्सबरीकाठी पिट टाउनला निवासी प्रकल्पाच्या निमित्ताने झालेल्या उत्खननात वाळूच्या थरातून ३० हजार वर्षांहून जुन्या वास्तव्याच्या खुणा मिळाल्या. तिथे वीस सेंटिमीटरवर थांबलं असतं तर काहीच कळलं नसतं.

इथवर मी दगडांबद्दलच बोलले, कारण पुरातत्त्ववाल्यांना दगड मोजता येतात. पण दगडांवरच थांबणारा अहवाल अर्धा असतो. तुमच्याच परिसरातलं उदाहरण घ्या. रिचमंड रोडवर कोलबी नावाचं उपनगर आहे. १८१६ मध्ये न्यू साउथ वेल्सचा ब्रिटिश गव्हर्नर मॅक्वारी याने कोलबी आणि नुरागिंजी या दोघांना तिथे ३० एकर जमीन देऊ केली. ॲबोरिजिनल व्यक्तींना ब्रिटिश वसाहतीने दिलेलं ते पहिलं जमीन-अनुदान. पुढे कोलबीची बहीण मारिया लॉक हिने ती जमीन आपल्याकडे मागून घेतली, आणि तिचे वंशज आजही पश्चिम सिडनीत आहेत. जवळच ब्लॅकटाउन नेटिव्ह इन्स्टिट्यूशनची जागा आहे. पॅरामॅटाला सुरू झालेली ही संस्था १८२३ मध्ये तिथे हलवली. ॲबोरिजिनल मुलांना घरच्यांपासून वेगळं ठेवून ‘सुधारण्याची’ ही जागा. २०१८ मध्ये ती जमीन दारुग लोकांना, म्हणजे या भागाच्या मूळ रहिवाशांना, परत मिळाली. या दोन्ही जागांचं महत्त्व सिल्क्रीटच्या कपच्यांची संख्या मोजून कळणार नाही.

सिडनीच्या नैर्ऋत्येला ॲपिनमध्ये तर याहून जड गोष्ट आहे. १७ एप्रिल १८१६ च्या पहाटे मॅक्वारीच्या हुकमावरून निघालेल्या सैनिकांनी कॅटरॅक्ट नदीच्या घळीजवळ पुरुष, बायका, मुलं मिळून किमान १४ जणांना मारलं. काहीजण बंदुकांच्या धाकाने पळताना कड्यावरून खाली पडून मेले. २०२२ मध्ये ‘ॲपिन मॅसेकर कल्चरल लँडस्केप’ राज्याच्या वारसा-यादीत आलं. एखादी खूण किंवा शिळा नाही, अख्खा भूप्रदेश यादीत आला, आणि तो नेमका अशा ठिकाणी आहे जिथे हजारो घरांचं नियोजन चाललं होतं. वंशज हे सगळं कितीतरी आधीपासून सांगत होते. आराखडा काढणाऱ्यांनी सुरुवातीलाच विचारलं असतं तर सगळ्यांचीच दमछाक वाचली असती.

जिथे बांधकाम नाही, वस्तू नाही, तिथे वारसा कसा, हा प्रश्न आपल्याकडच्या माणसाला खरं तर पडू नये. गावाच्या देवराईत एखादा शेंदूर लावलेला दगड असेल-नसेल, सातबाऱ्यावर तिचा उल्लेख असेल-नसेल, पण गावाला विचारल्याशिवाय तिथे कुऱ्हाड चालत नाही, आणि तिची हद्द कुठवर हे तलाठ्यापेक्षा गावातली म्हातारी माणसं नेमकं सांगतात.

तर आता ‘कोणाशी बोलायचं’. २०१० च्या सल्लामसलतीच्या नियमांत क्रम ठरलेला आहे. हेरिटेज एनएसडब्ल्यू (राज्याचं वारसा-खातं), स्थानिक ॲबोरिजिनल लँड कौन्सिल, नेटिव्ह टायटल ट्रिब्युनल, एनटीएसकॉर्प (नेटिव्ह टायटलच्या दाव्यांत मदत करणारी संस्था), स्थानिक नगरपालिका वगैरेंना पत्र लिहून या जागेचं ज्ञान असणारी माणसं कोण ते विचारायचं. स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची. नाव नोंदवायला किमान १४ दिवस. जे नोंदवतात ते रॅप, म्हणजे नोंदणीकृत ॲबोरिजिनल पक्ष. त्यांना प्रकल्पाची माहिती द्यायची, अभ्यासाची पद्धत दाखवून किमान २८ दिवस अभिप्रायाला, आणि शेवटी अहवालाचा मसुदा दाखवून पुन्हा किमान २८ दिवस. मध्ये क्षेत्रभेटी आणि उत्खनन धरलं तर साधारण सहा महिने धरून चाला, चाचणी खड्डे वाढले तर जास्त. जमीन खासगी मालकीची आहे म्हणून नेटिव्ह टायटल (मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा परंपरागत हक्क) संपलेलं असेल, पण वारशाचा कायदा खासगी जमिनीलाही तितकाच लागू आहे. या दोन गोष्टींची गल्लत अनुभवी लोकही करतात.

नियम पाळणं आणि विचारणं यांत फरक आहे, तो इथेच दिसतो. वायव्य सिडनी दारुग लोकांची भूमी. तिथे लँड कौन्सिल आहे, दारुगांच्या स्वतःच्या संस्था आहेत, काही कुटुंबं स्वतंत्रपणे नोंदणी करतात, शेजारच्या भागांतले गटही येतात. त्यांची मतं एकसारखी नसतात. “आधी तुम्ही आपसात ठरवा” असं त्यांना सांगणं चूक आहे. प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या शब्दांत अहवालात गेलं पाहिजे, मतभेदासकट. १७८९ ची देवीची साथ, जमिनी जाणं, मुलं काढून नेणं, या सगळ्यातून जे ज्ञान टिकलं ते वेगवेगळ्या घरांत वेगवेगळ्या रूपात टिकलंय. क्षेत्रकामाचे पैसे देतातच, पण पत्र वाचून, विचार करून अभिप्राय लिहिण्याचे पैसे बहुतेकजण देत नाहीत आणि मग “अभिप्राय आला नाही” असं लिहितात. माझा आग्रह असतो की क्लायंटने सुरुवातीच्या बजेटमध्येच तो खर्च धरावा.

पहिली भेट कोऱ्या नकाशावर व्हावी. रस्ते आणि प्लॉट आखलेला नकाशा समोर ठेवला की चर्चा ‘या प्लॉटचं काय’ एवढ्यावर येते. समोर नुसती भूरूपं, ओढे आणि झाडं असली की लोक जागेबद्दल बोलतात. एका अशाच भेटीत एका दारुग ज्येष्ठ बाईंनी ओढ्यांच्या संगमापेक्षा मागच्या धारेबद्दल जास्त सांगितलं: तिथून कुठलं दिसतं, पाहुणे आले की कुठे थांबत. आमच्या पुरातत्त्वाच्या नकाशावर ती धार ‘कमी शक्यता’ या रंगात होती. आराखडा अजून ठरला नव्हता, म्हणून उद्यान वर सरकलं आणि धारेपासून ओढ्यापर्यंतची नजर मोकळी राहिली. काही माहिती मात्र लिहायची नसते. एखादी जागा फक्त बायकांची असेल, तिचा तपशील जाहीर करायचा नाही असं सांगितलं गेलं, तर नकाशावर ढोबळ क्षेत्र दाखवा आणि बाकीचं जिथल्या तिथे ठेवा.

आता एक गोष्ट जी तुमच्यासारख्या नियोजकांना सगळ्यात उपयोगी पडेल. बहुतेक आराखड्यांत ओढ्याकाठची पट्टी हिरवी रंगवतात आणि म्हणतात, वारसा वाचला. हिरवा रंग फसवा आहे. त्याच पट्टीत मागाहून पावसाचं पाणी काही काळ अडवणारं तळं, म्हणजे डिटेन्शन बेसिन येते, सांडपाण्याची मुख्य वाहिनी सगळ्यात खालच्या पातळीने म्हणजे ओढ्यालगत जाते, सायकलमार्ग येतो, काठाची पुनर्बांधणी येते. बेसिन खणायला मोठं यंत्र लागतं. बघता बघता वसाहतीतली सर्वांत खोल खोदाई ‘संरक्षित’ पट्टीतच होते. म्हणून हिरव्या पट्टीत दोन थर दाखवा: ज्यात काहीही खणायचं नाही असा वारसा-राखीव भाग, आणि सेवा-सुविधांसाठीचा भाग. पाण्याचं नियोजन करणाऱ्या अभियंत्याला पहिल्याच बैठकीत बोलवा. बेसिनची जागा ठरली की वारशाचं भवितव्य ठरतं, आणि ती जागा बरेचदा वारशाच्या अहवालाआधी ठरलेली असते. मग हा राखीव भाग डीसीपीच्या (स्थानिक विकास-नियमावलीच्या) मजकुरात आणि शक्य तिथे एलईपीच्या (झोन ठरवणाऱ्या स्थानिक कायदेशीर आराखड्याच्या) वारसा-अनुसूचीत आणा. नुसता नकाशावरचा रंग पुढच्या दुरुस्तीत पुसला जातो. नियोजन कायद्याच्या कलम ९.१ खालच्या मंत्र्यांच्या निर्देशांत वारसा-संवर्धनाचा वेगळा निर्देश आहे, तुमच्या प्रस्तावात त्याला उत्तर द्यावंच लागेल. ते उत्तर इथे तयार होतं.

चाचणी खड्ड्यांबद्दल थोडक्यात. संभाव्य निक्षेप, ज्याला आम्ही पॅड म्हणतो, तो कुठे आहे हे ठरल्यावर २०१० च्या उत्खनन-संहितेप्रमाणे परवान्याशिवाय ५० बाय ५० सेंटिमीटरचे खड्डे ठरावीक अंतराने घेता येतात. माती ५ मिलिमीटरच्या चाळणीतून जाते आणि एकूण खड्डे त्या क्षेत्राच्या ०.५ टक्क्यापेक्षा जास्त होऊ द्यायचे नाहीत. दफनभूमी, शिंपल्यांचे ढीग, जुनी मिशनं, संघर्षाच्या जागा अशा ठिकाणी ही सवलत नाही. खड्डे झोन बदलण्याआधी घ्या. “अंतिम डिझाइन झाल्यावर खणू” हे उलटं आहे. डिझाइनला माहिती लागते म्हणून आपण खणतो.

मग येतो महत्त्व ठरवण्याचा भाग, आणि इथे माझं मत जरा कडक आहे. अहवालांमागून अहवालांत वाक्य येतं: ‘विरळ दगडी वस्तू, या भागात अशा जागा सर्वत्र आहेत, म्हणून वैज्ञानिक महत्त्व कमी.’ वाक्य लिहिलं तेव्हा खरं असेलही. पण शेजारच्या प्रकल्पाने तेच लिहून एहिप घेतला, त्याच्या शेजारच्यानेही. ज्या ‘इतर जागां’च्या भरवशावर ही जागा सोडली, त्यांपैकी आज किती शिल्लक आहेत हे कोणी मोजत नाही. मी माझ्या अहवालात त्याच ओढ्याच्या पाणलोटातल्या नोंदलेल्या जागा घेते आणि त्यांतल्या किती वसाहतीखाली गेल्या, किती परवान्याखाली संपल्या, किती खरोखर राखीव आहेत याचा नकाशा देते. हा नकाशा बघितल्यावर ‘कमी महत्त्व’ हे शब्द लिहिणं अवघड होतं. शिवाय बुर्रा चार्टरप्रमाणे, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या वारसा-संवर्धनाच्या मार्गदर्शक सनदेप्रमाणे, वैज्ञानिक महत्त्व हे पाचांपैकी एक. सौंदर्यात्मक, ऐतिहासिक, सामाजिक आणि आध्यात्मिक महत्त्वही तितकंच धरायचं आहे, आणि शेवटची दोन ठरवण्याचा अधिकार पुरातत्त्वज्ञाला नाही.

जे काही उकरून काढावं लागेल त्याचं पुढे काय, हेही आत्ताच लिहून ठेवा. वस्तू सल्लागाराच्या कार्यालयात खोक्यांत वर्षानुवर्षं पडून राहतात, हे मी बघितलंय आणि मला ते लाजिरवाणं वाटतं. लँड कौन्सिलकडे किंवा दारुग संस्थेकडे सोपवायच्या, संग्रहालयात द्यायच्या की त्याच भूमीत परत पुरायच्या, हे रॅप सांगतील. परत पुरायच्या असतील तर पुढे कधीही खोदाई होणार नाही अशी जागा आराखड्यात हवी आणि ती एहिम्सवर नोंदवायला हवी. रस्त्याला दारुग नाव देणं चांगलं, पण परवानगीने, आणि त्याने वारसा राखल्याचं खातं पूर्ण होत नाही.

तर तुमच्यासाठी क्रम: आता विस्तारित एहिम्स शोध, जुने फोटो, मातीचे लॉग. लगेच सल्लामसलतीची पत्रं. कोऱ्या नकाशावर भेट. मग सर्वेक्षण आणि चाचणी खड्डे. त्यानंतर आराखड्याचा पहिला मसुदा, अभियंत्यासकट. क्लायंटला पटवताना नीतीबरोबर वेळापत्रकही समोर ठेवा: हे सहा महिने झोनिंगच्या इतर अभ्यासांबरोबर समांतर जातात, डीएनंतर आले तर यंत्रं उभी राहतात. आणि तुमच्या आत्ताच्या टिपणात लिहायचं वाक्य असं: “नोंदवहीत या भूखंडावर नोंद नाही, परंतु भूखंडावर यापूर्वी सर्वेक्षण झालेलं नाही आणि भूरूपांवरून वस्तू असण्याची शक्यता आहे. सल्लामसलतीसह सविस्तर मूल्यांकन आराखडा ठरवण्यापूर्वी करावं.” यात खोटं काही नाही आणि तुमची सहीही सुरक्षित राहते.

मेलबर्नकडच्या वाचकांसाठी: व्हिक्टोरियात २००६ चा स्वतंत्र ॲबोरिजिनल हेरिटेज कायदा आहे. संवेदनशील क्षेत्रात ठरावीक मोठं काम, उदाहरणार्थ तीन किंवा जास्त निवासी प्लॉट, करायचं तर कल्चरल हेरिटेज मॅनेजमेंट प्लॅन आधी मंजूर व्हावा लागतो, आणि जिथे नोंदणीकृत ॲबोरिजिनल पक्ष नेमलेला आहे तिथे ती मंजुरी तोच देतो किंवा नाकारतो. रॅप हे नाव दोन्हीकडे तेच, अधिकार मात्र फार वेगळे. तिथला मूळ मालक सही करतो, इथला अभिप्राय देतो. माझ्या मते न्यू साउथ वेल्समध्येही तसंच असायला हवं.

काम सुरू असताना अनपेक्षित काही निघालं तर थांबायचं, जागा बंदिस्त करायची, हेरिटेज एनएसडब्ल्यूला कळवायचं. हाडं निघाली तर आधी पोलीस, आणि तोवर कोणी हात लावायचा नाही, फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नाहीत. हे ठेकेदाराच्या प्रत्येक चालकाला कामाआधी सांगितलेलं असावं, शक्यतो एखाद्या दारुग व्यक्तीकडून.

तुमच्या भूखंडातून जाणारा ओढा कोणत्या श्रेणीचा, शेड्सच्या जागी किती कापणी झाली आणि जुनी मोठी ग्रे बॉक्स किंवा रेड गमची झाडं उभी आहेत का, हे कळवलंत तर चाचणी खड्डे कुठून सुरू करावेत ते अधिक नेमकं सांगता येईल. झाडं असतील तर आर्बोरिस्टकडून (वृक्षतज्ज्ञाकडून) तोडणीची यादी मंजूर होण्याआधी त्यांच्या बुंध्यांवर पूर्वी ॲबोरिजिनल लोकांनी साल काढल्याचे व्रण आहेत का, हे रॅपबरोबर जाऊन बघून घ्या.